बांबू क्लबच्या चकत्या

उमराळ्याच्या विद्याधर चौधरींना सैनिकी क्लबांतल्या जुगाराच्या चकत्या जमवायचा नाद होता. हे कळलं की घरी आलेला पाहुणा आधी त्यांच्याकडे बघायचा आणि मग त्यांच्या बायकोकडे. सरलाताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना या नजरेची सवय झाली होती. चहाचा कप पुढे करताना त्या एवढंच म्हणायच्या, "खेळत नाहीत हो, नुसत्या जमवतात."

नाद लागला तो कारखान्यात. विद्याधर वसई पूर्वेच्या एका बटणांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं डायमेकर होते. म्हणजे बटणांचे पोलादी साचे कोरायचं काम. एकदा तिथं बेकेलाइटचं, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकचं, पोतं दळायला आलं. त्यात फुटके स्विच होते, रेडिओच्या खुंट्या होत्या आणि पाच गोल चकत्या होत्या, काळपट लाल, वर दोन तलवारींची फुली आणि इंग्रजीत 'ऑफिसर्स क्लब'. सुपरवायझर म्हणाला, क्लबात पत्ते खेळताना पैशांऐवजी या टेबलावर टाकतात. खेळाशी विद्याधरांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांची नजर तलवारीच्या मुठीवर होती. एवढ्याशा मुठीवर साचेवाल्यानं बारीक जाळी कोरली होती. कुणी तरी आठवडाभर मान मोडून बसलं असणार. चार चकत्या दळायला गेल्या आणि एक विद्याधरांच्या खिशात गेली.

त्यानंतर तीसेक वर्षांत तीनशेच्या वर चकत्या जमल्या. इंग्रजांच्या पलटणींच्या, ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या अमेरिकन वैमानिकांच्या, जर्मनीतल्या छावण्यांतल्या हवालदारांच्या क्लबांच्या. चकतीवर पत्ता क्वचितच असतो. असतात दोन अक्षरं, एखादं चिन्ह, एखादा आकडा. बाकी सगळं ओळखून काढायचं. चकती हातात घेतली की विद्याधर आधी तिचं वजन बघत, मग कड. कडेवर टोपी, कडं, चौकट अशी बनवणाऱ्याची खूण दाबलेली असे. मग ती गरम पाण्यात बुडवून नाकाशी धरत. जळक्या दुधाचा वास आला तर केसीन, कापराचा आला तर सेल्युलॉइड, दवाखान्याचा आला तर बेकेलाइट. यापायी सरलाताईंनी चहाचं एक पातेलं त्यांना कायमचं देऊन टाकलं होतं.

पुढं इंटरनेटवर जगभरच्या संग्राहकांचा एक गट सापडला. त्यात ओहायोचा स्टीवन नावाचा निवृत्त अमेरिकन सार्जंट होता. या विषयातला त्याचा शब्द शेवटचा. विद्याधर मुलीकडून इंग्रजी नीट करून घेऊन त्याला पत्रं लिहीत, आणि तोही 'मित्रा विद्या' असं म्हणून उत्तर देई.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर पापडीच्या शुक्रवारच्या बाजारात त्यांना बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा मिळाला. तिथं जुन्या वस्तूंचा एक विक्रेता ताडपत्री पसरून बसतो. कुलपं, घड्याळं, पितळी नळ आणि विद्याधरांसाठी बाजूला ठेवलेलं काहीबाही. त्यानं डबा हलवून दाखवला. आत चाळीस चकत्या होत्या. छत्तीस तपकिरी आणि चार काचेसारख्या पारदर्शक, जरा पिवळट पडलेल्या. एका बाजूला मान उंचावलेला पक्षी, एका पायावर उभा. दुसऱ्या बाजूला एक, पाच किंवा दहाचा आकडा, आणि खाली 'बी. सी.' ही अक्षरं. विद्याधरांनी अशा चकत्या कुठल्याच पुस्तकात पाहिल्या नव्हत्या. त्यांनी घासाघीस न करता डबा घेतला आणि तो छातीशी धरून रिक्षात बसले.

पुढचे पाच महिने त्या पक्ष्यामागे गेले. बी. सी. म्हणजे बर्मा काहीतरी, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. पक्षी म्हणजे बगळा, आणि बगळा म्हणजे कुठल्या तरी स्क्वाड्रनचं मानचिन्ह. त्यांनी इंग्रजी, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन अशा सगळ्या विमानदळांची मानचिन्हं धुंडाळली. करकोचे सापडले, गरुड सापडले, एक पेलिकनसुद्धा सापडला. हा बगळा काही सापडेना.

"मला तो बगळा वाटतच नाही," एकदा चष्मा लावून सरलाताई म्हणाल्या.

"मग काय आहे?"

"ते नाही सांगता येत. पण बगळ्याला एवढं पोट नसतं."

विद्याधरांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. शेवटी त्यांनी सगळ्या चकत्यांचे फोटो काढले आणि गटावर टाकले. दोन दिवसांनी स्टीवनचं उत्तर आलं. भाषा मायेची होती, पण निकाल स्पष्ट होता. असा क्लब कुठं नोंदलेला नाही, हा शिक्का कुठल्या कारखान्याचा नाही. मित्रा, ही फँटसी आहे. संग्राहकांच्या भाषेत फँटसी म्हणजे कधीच नसलेल्या क्लबची चकती, भोळ्या गिऱ्हाइकाला विकायला बनवलेली. खाली आणखी सात-आठ जणांनी माना डोलावल्या होत्या. एकानं तर हसणारं तोंडही टाकलं होतं.

विद्याधरांनी डबा कपाटाखाली सरकवला. दोन दिवस ते वाडीत पानवेलींना पाणी सोडत हिंडले. जेवताना विचारलं तेवढंच बोलले. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या मनात एक प्रश्न आला, आणि तो कुठल्या पुस्तकातला नव्हता, कारखान्यातला होता. फसवायला बनवलेल्या मालाची कड कोणी एवढी घासतं का?

वाडीच्या कोपऱ्यात त्यांची पत्र्याची शेड होती. तिथं त्यांनी एक तपकिरी चकती शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळून धरली आणि कडेवरून बारीक कानस दोनदा फिरवली. कार्बोलिकचा उग्र वास आला. घासलेल्या जागी भिंगाखाली कापडाची वीण दिसली, आडवे-उभे धागे. त्यांना हसूच आलं. हे टफनॉल होतं, राळेत भिजवून दाबलेलं कापड. कारखान्यातल्या एका यंत्राची दातेरी चाकं याचीच होती आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ती कापली होती. या वेळी गरम पाण्याचं पातेलंसुद्धा विसरून पाच महिने ते भिंग घेऊन पक्ष्याकडे बघत बसले होते. चकती कशाची आहे हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांनी पारदर्शक चकती घासली. गोडसर, फळासारखा वास. पर्स्पेक्स, काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक.

टफनॉल आणि पर्स्पेक्स या दोन वस्तूंचे तुकडे एकाच ठिकाणी कुठं पडलेले असतात? विमानाच्या वर्कशॉपमध्ये. एक कप्पीसाठी, दुसरं खिडकीसाठी. आणि कडेवरचे वळ कानशीचे होते. आधी तिरके, मग शेवटी सगळे एका दिशेनं लांब ओढलेले. ते हात शिकलेले होते. एकेका चकतीला दोन तास तरी लागले असतील. ज्याला फसवायचं असतं तो एवढे कष्ट घेत नाही.

शुक्रवारी ते पापडीला गेले. विक्रेत्यानं डोकं खाजवत सांगितलं, "गासच्या बाजूला फिरणारा एक भंगारवाला आहे, त्याच्याकडून आलाय. घर कुठलं ते त्यालाही नाही आठवत."

गास उमराळ्याहून स्कूटरनं पंधरा मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी विद्याधर तिथल्या एका दुकानात शिरले आणि त्यांनी विचारलं, "इथं कोणी विमानाच्या कामावर होतं का? मागं, बऱ्याच वर्षांपूर्वी?"

दुकानातली बाई म्हणाली, "विमान पीटर? तो काय, क्रुसाच्या मागचं घर. नवीन लाद्या घातल्यात बघा, तेच."

पीटर तुस्कानो त्र्याऐंशी वर्षांचे होते. अंगणात आंब्याखाली स्टुलावर मिक्सर उघडून बसले होते आणि स्क्रू एका वाटीत क्रमानं ठेवत होते. विद्याधरांनी स्वतःची ओळख करून दिली. दोघांच्या घरच्या बोल्या वेगळ्या, म्हणून दोघंही आधी शाळेतल्यासारखं शुद्ध मराठी बोलू लागले.

"सैन्याच्या क्लबांची माहिती जमवतो मी," विद्याधर म्हणाले. "तुम्ही हवाईदलात होता असं कळलं."

"एअरफ्रेम फिटर. पंधरा वर्षं." पीटरनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "क्लबांची माहिती? मग माझा डबा तुम्हाला आवडला असता."

"कसला डबा?"

"बिस्किटांचा. चकत्या होत्या त्यात. घराचं काम काढलं ना, तेव्हापासून दिसत नाही." म्हाताऱ्यानं स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला. तिथं त्यांची नात ब्रिटनी चहा ठेवत होती. ती विरारच्या एका इस्पितळात नर्स होती. "सगळं सामान पोरीनं एकटीनं आवरलं, ड्यूटी सांभाळून. भंगारात गेला असेल. विचारलं तर तिला लागेल. म्हणून आपणच थोडं थोडं शोधतो, ती कामावर गेली की."

विद्याधरांच्या शर्टाच्या खिशात एक चकती होती. त्यांचा हात खिशापर्यंत गेला. काढावी आणि समोर ठेवावी, एवढंच करायचं होतं. पण एकदा ती बाहेर काढली की चाळीसच्या चाळीस जाणार, हे त्यांना त्या क्षणी स्पष्ट दिसलं. हात तसाच खाली आला. ब्रिटनीनं चहा आणला. त्यांनी तो प्यायला, छान झालाय म्हणाले, आणि निघाले.

घरी येऊन त्यांनी सरलाताईंना सांगितलं की माणूस भेटला, पण विशेष काही कळलं नाही. नंतरचे चार दिवस त्यांनी डब्याला हात लावला नाही. एरवी नवीन चकती आली की तिला उजेडात धरून दिवसातून चारदा बघणारा माणूस, कपाटाच्या बाजूनं जायचंसुद्धा टाळू लागला. पाचव्या दिवशी दुपारी सरलाताईंनी हातातला पेपर बाजूला ठेवला.

"काय झालं तिकडे गासला?"

"त्यांच्याच आहेत त्या," विद्याधर म्हणाले. "शोधतायत बिचारे. नातीला कळू नये म्हणून ती घरात नसताना शोधतात."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत."

"मी विकत घेतल्यात, सरला. चोरल्या नाहीत. पाच महिने घातलेत त्यांच्यामागं."

"कोण म्हणतं चोरल्यात? तुमच्याच आहेत. ठेवा कपाटात." सरलाताई उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "फक्त कुणी बघायला आलं तर या कुणाच्या म्हणून सांगणार आहात, ते ठरवून ठेवा."

चार वाजता विद्याधरांनी डबा बाहेर काढला, फडक्यानं पुसला आणि कापडी पिशवीत घातला. सरलाताईंनी वाडीतला वेलची केळ्यांचा एक घड उतरवून घेतला आणि त्या स्कूटरवर मागं बसल्या.

पीटर अंगणातच होते. विद्याधरांनी पिशवी पुढं केली. आतला पत्रा हाताला लागताच म्हातारा थांबला. त्यानं डबा उघडला नाही. दोन्ही हातांत धरून एकदा हलवला, आवाज ऐकला, आणि मांडीवर ठेवला.

"पापडीच्या बाजारात मिळाला," विद्याधर म्हणाले.

"परवा आलास तेव्हा तुझ्याकडे होता?"

"होता."

"मग?"

"सोडवत नव्हता."

पीटर त्यांच्याकडे बघत राहिले. सरलाताईंना वाटलं, आता हा माणूस आपल्याला जायला सांगणार. पण म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. "मला पंचावन्न वर्षं सोडवला नाही. तू चार-पाच दिवसांत आणलास. बस, बस. बाई, तुम्ही पण बसा."

आवाज ऐकून ब्रिटनी बाहेर आली. डबा बघून तिचा चेहरा उतरला. "आजोबा, हा तर मी... मला वाटलं त्यात जुने वायसर आहेत."

"बरोबर वाटलं तुला. दिसतात तसेच."

"तुम्ही बोलला का नाहीत पण?"

"बोलून काय, तू लाद्या उखडून शोधला असतास. जा, यांच्यासाठी चहा टाक. तू दिलास म्हणून तर ही माणसं घरी आली."

तिनं चहा टाकला नाही. ती खाली पायरीवर बसली आणि म्हणाली, "आधी सांगा काय आहे ते. मला तुम्ही कधीच नाही सांगितलं."

मग पीटर बोलू लागले, आणि बोलता बोलता शाळेतलं मराठी गळून घरची बोली आली. कुणाला काही अडलं नाही.

सन एकोणसत्तर. अरुणाचलला तेव्हा नेफा म्हणत. तिथल्या डोंगरात एक हेलिकॉप्टर उतरायची जागा होती आणि ती सांभाळायला चौदा माणसं. पायलट, वायरलेसवाला, स्वयंपाकी, फिटर, सगळे मिळून चौदा. पावसात महिना महिना वर कोणी येत नसे. मोठ्या तळावर साहेबांचा क्लब वेगळा आणि बाकीच्यांचा वेगळा असतो. इथं एकच बांबूची झोपडी होती. त्यात एक टेबल, दोन बाकं आणि पत्त्यांचे दोन जोड. कुणी तरी दारावर खडूनं लिहिलं, 'बांबू क्लब'.

"बी. सी.!" विद्याधर एवढ्या जोरात म्हणाले की आंब्यावरचा कावळा उडाला.

"तुला काय वाटलं होतं?"

"बर्मा."

"बर्मा लांब नव्हता तसा," पीटर त्यांची समजूत घालत म्हणाले.

पैसे लावून खेळायला बंदी होती, आणि पैसे असून तिथं करायचं काय? मग जे दुर्मीळ होतं तेच पणाला लागलं. एकची चकती म्हणजे आंघोळीला एक बादली गरम पाणी. पाचची म्हणजे एक अंडं. तळावर एकच कोंबडी होती. ती क्लबातच राहायची, एक पाय अधू होता म्हणून बहुतेक वेळ दुसऱ्यावरच उभी.

"म्हणजे हा बगळा..." विद्याधर म्हणाले.

"कसला बगळा? कोंबडी आहे ती!"

सरलाताईंनी तोंडाला पदर लावला. नवऱ्याकडे बघायचं त्यांनी मोठ्या प्रयत्नानं टाळलं.

"चकत्या बनवायला सांगितलं ते जोनाथन साहेबांनी," पीटर पुढं म्हणाले. "फ्लाइट लेफ्टनंट, आमचे पायलट. आधी आम्ही काड्यापेटीच्या काड्या लावायचो, पण त्या दमट व्हायच्या नि स्वयंपाकी चुलीला पळवायचा. साहेब म्हणाले, तुस्कानो, तुझ्याकडे कप्प्यांचे तुकडे पडलेत ना, त्याचं काहीतरी कर. पाऊस लागला तसा मी महिनाभर बसून केल्या. पारदर्शक आहेत त्या दहाच्या. हेलिकॉप्टरची एक खिडकी फुटली होती, तिच्या. त्या चारच केल्या."

"दहा म्हणजे काय?" ब्रिटनीनं विचारलं.

"खाली जाणाऱ्या हेलिकॉप्टरमधली जागा. रजेची. ती ज्याच्याकडे असेल तो पहिला घरी जाणार."

पीटरनी डब्याचं झाकण उघडलं, पण आत हात घातला नाही.

"ऑगस्टमध्ये वायरलेसवर निरोप आला, माझा बाप आजारी आहे. त्या खेपेला जागा एकच होती आणि ती जोनाथन साहेबांच्या मित्रानं, डॉक्टरनं, जिंकलेली. त्याचं लग्न ठरलेलं. मी कुणाला काही बोललो नाही. बोलून काय करणार, नियम आम्हीच केलेला. दुपारी साहेब म्हणाले, चला, एक डाव. त्यांनी डॉक्टरला खेळायला बसवलं, चिडवून चिडवून ती दहाची लावायला लावली आणि जिंकून घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुस्कानो, आता तू. जोनाथन साहेब रमीत कधी हरायचे नाहीत. सहा महिन्यांत मी त्यांना हरताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिसऱ्या पानाला हरले. चकती माझ्यापुढं ढकलली, म्हणाले, नशीब तुझं, आणि उठून गेले."

"मुद्दाम हरले," ब्रिटनी म्हणाली.

"कोणाला माहीत. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना खोटं बोलावं लागलं असतं."

"आणि पणजोबा?"

"भेटले ना. अकरा दिवस होतो मी त्यांच्याजवळ. शेवटचे दोन दिवस बोलत नव्हते, पण हात धरून होते." पीटरनी नाक पुसलं. "परत गेलो तर साहेबांची बदली झालेली. पुढच्या वर्षी तळच बंद केला. झोपडी मोडली, स्वयंपाकी म्हणाला, हे तू केलंयस, तू ने. आणला."

मग विद्याधरांनी विचारून डब्यातली एक चकती उचलली आणि कड उजेडात धरली. "काका, एक विचारू? या दहा-बारा चकत्यांवर कानशीचे वळ वेगळे आहेत. इथून पुढं तुम्ही कानस बदललीत का?"

पीटरनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू कुणी गर्दीत त्यांना लहानपणच्या नावानं हाक मारली होती.

"मोडली होती," ते हळूच म्हणाले. "चांगली होती, स्वीडनची. मग लाकडाच्या कानशीवर भागवलं. दिसतं होय ते?"

"स्पष्ट दिसतं. आणि हा आकडा डावीकडून कोरलाय. डावखुरे आहात?"

"नाही. उजव्या हाताला भाजलं होतं त्या आठवड्यात." आणि मग दोघं जे सुरू झाले ते दिवेलागणीपर्यंत. मधे चहा आला, केळी सोलली गेली, सरलाताई आणि ब्रिटनी आत जाऊन मिक्सरचे उरलेले स्क्रू मोजून बसवून आल्या. दोघा पुरुषांना त्याचा पत्ता नव्हता. एक एक चकती हातात घेऊन ते बोलत होते. विद्याधर वळ दाखवायचे आणि पीटर त्या दिवशी काय घडलं ते सांगायचे.

निघताना पीटरनी डबा पुढं केला. "यातली एक उचल."

"नको, काका."

"उचल म्हटलं ना."

विद्याधरांनी पारदर्शक चकत्यांकडे पाहिलंही नाही. त्यांनी सगळ्यांत वेडीवाकडी तपकिरी चकती निवडली. ती नीट गोलसुद्धा नव्हती.

"पहिली," पीटर म्हणाले. "हात बसायच्या आधीची. सगळ्यांत वाईट."

"म्हणूनच."

त्या आठवड्यात विद्याधरांनी स्टीवनला लांबलचक पत्र लिहिलं. टफनॉलचे फोटो जोडले, पीटरच्या जुन्या सेवापुस्तिकेचं पान जोडलं आणि झोपडीसमोर चौदा माणसं उभी असलेला, ब्रिटनीनं आजोबांच्या बायबलमधून काढून दिलेला फोटो जोडला. त्यात कोंबडी मात्र नव्हती. स्टीवनचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. त्यानं सगळ्या गटासमोर माफी मागितली होती. चाळीस वर्षं मी चकत्या बघतोय, त्यानं लिहिलं होतं, पण कानस कधी हातात धरली नाही. शेवटी भीत भीत विचारलं होतं, श्री. तुस्कानो माझ्यासाठी एक नवीन बनवतील का?

पीटरनी साफ नकार दिला. "क्लब नाही, तर चकती कशाला? ती मग खरोखरच खोटी होईल." मग थोडा विचार करून डब्यातली एकची चकती काढून दिली. "ही पाठव त्याला. एक बादली गरम पाणी. तिकडे थंडी असते ना?"

हळूहळू दर मंगळवारी दुपारी एकमेकांकडे जायचं ठरूनच गेलं, एका मंगळवारी गास, एका मंगळवारी उमराळं. पीटरनी विद्याधरांचा सगळा संग्रह तीन दुपारी लावून पाहिला आणि सहा चकत्यांबद्दल कडाक्याचं भांडण केलं. त्यांतल्या चारांत विद्याधरांना माघार घ्यावी लागली. नवऱ्याशी या विषयावर भांडायला कुणी तरी मिळालं, याचं सरलाताईंना इतकं बरं वाटलं की त्या भांडण निवलं की मुद्दाम एखादा प्रश्न विचारून ते परत पेटवत. त्या स्वतः पीटरकडून रमी शिकल्या आणि महिन्याभरात सगळ्यांना हरवू लागल्या. पणाला घरची कामं असत. ब्रिटनी एकदा हरली आणि तिला सगळ्यांच्या चष्म्यांच्या काड्या दुरुस्त करून आणाव्या लागल्या.

विद्याधर खेळायला बसत नसत. एका मंगळवारी ब्रिटनीनं आग्रहानं बसवलं तर पहिल्याच डावात ते पीटरकडून सपशेल हरले. पीटरना काय हवं विचारलं. ते म्हणाले, बऱ्याच दिवसांत समुद्र बघितला नाही.

म्हणून बुधवारी सकाळी सात वाजता विद्याधर स्कूटर घेऊन गासला हजर झाले. ब्रिटनीनं आजोबांना टोपी घातली, स्कूटरवर बसवलं आणि "हळू न्या हां, अंकल" असं तीनदा बजावलं. कळंबला किनाऱ्यावर अजून पर्यटक नव्हते. भरती उतरत होती. दोघं सुरूच्या झाडांखाली एका ओंडक्यावर बसले. वरून मुंबईकडे उतरणारं एक विमान ढगांआडून गेलं, दिसलं नाही, नुसता आवाज आला.

पीटरनी मान वर केली नाही. "एअरबस. दोन इंजिनं. डावं जरा कुरकुरतंय."

"न बघता कसं कळलं?"

"तू वास घेऊन ओळखतोस ना चकती, तसंच. डोळे मीट. आता दुसरं येईल."

विद्याधरांनी डोळे मिटले. लाटा ऐकू आल्या, मग लांबून घरघर आली, वाढली, डोक्यावरून गेल्यासारखी वाटली.

"हे पण एअरबस," ते खात्रीनं म्हणाले.

"मच्छीमाराची होडी होती ती," पीटर म्हणाले. "विमान वरून गेलं, तू खालचं ऐकलंस. पुन्हा मीट."